घरपट्टीच्या वाढीला मर्यादा असते का?

प्रश्न : गोंदिया शहरात राहतं घर आहे. फेरआकारणीनंतर घरपट्टी कितीही वाढू शकते का?

उत्तर : गोंदिया नगर परिषदेला 1965 चा महाराष्ट्र नगर परिषद अधिनियम लागू आहे. त्यानुसार घराचं अपेक्षित वार्षिक भाडं धरून, दुरुस्तीपोटी 10 टक्के वजा करून करयोग्य मूल्य काढतात. समजा, महिना 3,000 रुपये भाडं धरलं, तर मूल्य 32,400 रुपये होतं. फेरआकारणीत भाडं 4,000 धरलं, की तेच 43,200 होतं. कराचा दर जैसे थे, तरी बोजा एक तृतीयांशाने वाढतो!

मुंबईत भांडवली मूल्याची पद्धत आली, तेव्हा पुढच्या फेरआकारणीतील वाढीला कायद्यानेच 40 टक्क्यांची मर्यादा घातली. 2022 पासून तिथे 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना माफीही आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने 1978 मध्ये करपात्र मूल्याची वार्षिक वाढ 2 टक्क्यांवर रोखली. मात्र घर विकलं गेलं की मूल्य नव्याने धरलं जातं, त्यामुळे शेजारच्या सारख्याच घरांचे कर वेगवेगळे झाले. जुने मालक फायद्यात, नवे तोट्यात.

नगर परिषदेचे दिवे, नाल्या, सफाई घरपट्टीच्या पैशांवर चालतात, हेही खरं. तरीही निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याला एकदम मोठी वाढ झेपत नाही. टप्प्याटप्प्याने वाढ हाच न्याय्य मार्ग आहे.

नोटीस मिळताच बांधकामाचं मोजमाप, वापर आणि धरलेलं भाडं तपासावं. चूक आढळल्यास मुदतीत लेखी हरकत नोंदवून पोच घ्यावी. थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती लागते, म्हणून भरणा लांबवू नये.