दुर्लक्षित खेळातील उत्कर्षाची वाट : लखनौ, पलक कोहली आणि पॅराबॅडमिंटन

दिनांक ५ सप्टेंबर २०२१. टोकियो पॅरालिंपिकचा अखेरचा दिवस. बॅडमिंटनच्या मिश्र दुहेरीत कांस्यपदकाच्या लढतीसाठी ओडिशाचा प्रमोद भगत आणि पंजाबची पलक कोहली ही भारतीय जोडी जपानच्या दायसुके फुजिहारा व अकिको सुगिनो यांच्यासमोर उभी होती. पहिला गेम २१-२३ असा निसटला, दुसरा १९-२१ असा गेला. त्याच दिवशी भारताने याच खेळात एक सुवर्ण आणि एक रौप्य मिळविले; परंतु १९ वर्षांच्या पलकच्या वाट्याला चौथे स्थान आले. पदकतालिकेत चौथ्या स्थानाची नोंद होत नाही.

विकासाच्या अभ्यासकाला मात्र या चौथ्या स्थानाचा विचार करावा लागतो. जन्मतःच डावा हात पूर्ण न वाढलेली जालंधरची एक मुलगी चार-पाच वर्षांत पॅरालिंपिकच्या पदकलढतीपर्यंत पोहोचते, तेव्हा त्यामागे तिची जिद्द असतेच. पण तेवढेच असत नाही. खेळाला मिळालेली मान्यता, खेळाडूचे वर्गीकरण, प्रशिक्षणाचे केंद्र आणि शासनाचे धोरण या चार घटकांनी तिची वाट घडविलेली असते. प्रस्तुत लेखात या घटकांचा क्रमाने परामर्श घेतला आहे.

खेळ प्रसिद्ध, त्याचे एक रूप अप्रसिद्ध

लखनौला बॅडमिंटन नवे नाही. १९८० ते १९८७ अशी सलग आठ वर्षे राष्ट्रीय विजेता ठरलेला आणि १९८२ च्या ब्रिस्बेन राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकलेला सय्यद मोदी याच शहरात खेळला. २८ जुलै १९८८ रोजी के. डी. सिंग बाबू स्टेडियमबाहेर त्याची हत्या झाली. त्याच्या स्मरणार्थ भरणाऱ्या स्पर्धेमुळे पुढे लखनौचे नाव आंतरराष्ट्रीय बॅडमिंटनशी जोडले गेले.

तथापि, हाच खेळ दिव्यांग खेळाडू खेळत तेव्हा त्याकडे फारसे कोणाचे लक्ष नसे. पॅराबॅडमिंटनची पहिली जागतिक स्पर्धा १९९८ मध्ये नेदरलँड्समध्ये झाली. जागतिक बॅडमिंटन महासंघाने या खेळाचा कारभार २०११ मध्ये आपल्याकडे घेतला. आंतरराष्ट्रीय पॅरालिंपिक समितीने ऑक्टोबर २०१४ मध्ये त्याच्या समावेशाचा निर्णय घेतला आणि प्रत्यक्ष पदार्पण टोकियोत, म्हणजे २०२१ मध्ये झाले. पहिली जागतिक स्पर्धा आणि पहिले पॅरालिंपिक यांत २३ वर्षांचे अंतर पडले. या काळात जागतिक विजेतेपद मिळविणाऱ्या भारतीय खेळाडूंनाही पॅरालिंपिकचे दार बंद होते. जो खेळ पॅरालिंपिकमध्ये नाही, त्याला निधी, नोकरी आणि प्रसिद्धी या तिन्ही बाबतींत मागची रांग मिळते. 'दुर्लक्षित खेळ' या शब्दप्रयोगाचा व्यावहारिक अर्थ हाच होय.

लखनौमधील प्रयोग

या पार्श्वभूमीवर गौरव खन्ना यांचे कार्य महत्त्वाचे ठरते. ते स्वतः बॅडमिंटनपटू होते. दुखापतीमुळे त्यांची खेळाडू म्हणून कारकीर्द थांबली. रेल्वे सुरक्षा दलात सेवा करीत असताना ते लखनौमध्ये कर्णबधिर मुलांच्या संपर्कात आले. त्यांना शिकविण्यासाठी त्यांनी सांकेतिक भाषा आत्मसात केली. कर्णबधिर खेळाडूंपासून सुरू झालेले हे काम पुढे शारीरिक दिव्यांग खेळाडूंपर्यंत विस्तारले आणि ते भारतीय पॅराबॅडमिंटन संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. २०२० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०२४ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

खन्ना यांच्या कार्यपद्धतीतील एक गोष्ट धोरणाच्या दृष्टीने अभ्यसनीय आहे. प्रतिभावान खेळाडू आपल्याकडे येईल, याची त्यांनी वाट पाहिली नाही. ते स्वतः खेळाडू शोधीत. जालंधरमध्ये एका मॉलच्या परिसरात त्यांची दृष्टी पलकवर पडली. त्यांनी तिच्या हाताविषयी विचारपूस केली आणि पॅराबॅडमिंटनची माहिती दिली. तोवर या नावाचा खेळ अस्तित्वात आहे, हेच तिला ठाऊक नव्हते. शाळेत हँडबॉल खेळण्याची इच्छा तिने व्यक्त केली होती, तेव्हा तिला अभ्यासाकडे लक्ष देण्याचा सल्ला मिळाला होता. २०१७ च्या सुमारास तिने रॅकेट हाती घेतली आणि घर सोडून ती लखनौला प्रशिक्षणासाठी आली. टोकियोपूर्वी राष्ट्रीय संघाची शिबिरेही लखनौत होत असत. त्यामुळे नवख्या मुलीला देशातील सर्वोत्तम खेळाडूंबरोबर रोज सराव करण्याची संधी मिळाली. टोकियोत ती एकेरी, महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशा तीन प्रकारांत उतरली.

वर्गीकरण : पॅराखेळांचा कणा

पॅराखेळ समजून घ्यावयाचे तर वर्गीकरणाची पद्धत समजणे आवश्यक आहे. समान क्षमतेच्या खेळाडूंमध्ये स्पर्धा व्हावी, हा तिचा हेतू होय. पॅराबॅडमिंटनमध्ये सहा वर्ग आहेत.

१. डब्ल्यूएच-१ व डब्ल्यूएच-२ : व्हीलचेअरवरून खेळणारे खेळाडू. पहिल्या वर्गात पायांबरोबर धडाच्या हालचालीवरही मर्यादा असते.
२. एसएल-३ व एसएल-४ : उभे राहून खेळणारे, पायांत दोष असलेले खेळाडू. पहिल्या वर्गातील मर्यादा अधिक तीव्र असते.
३. एसयू-५ : हातात दोष असलेले खेळाडू.
४. एसएच-६ : कमी उंचीचे खेळाडू.

व्हीलचेअरचे दोन्ही वर्ग आणि एसएल-३ यांचे एकेरी सामने अर्ध्या रुंदीच्या कोर्टवर होतात. उर्वरित वर्गांचे पूर्ण कोर्टवर. व्हीलचेअरच्या सामन्यात जाळे आणि पुढील सर्व्हिसरेषा यांमधील पट्ट्यात पडलेले शटल बाद मानले जाते.

उभ्याने खेळल्या जाणाऱ्या दुहेरीत आणखी एक नियम आहे. दोन्ही जोडीदारांच्या वर्गांच्या अंकांची बेरीज आठपेक्षा अधिक होता कामा नये. पलक त्या वेळी एसयू-५ वर्गात होती. म्हणून तिचा जोडीदार एसएल-३ वर्गातीलच असू शकत होता. मिश्र दुहेरीत प्रमोद भगत आणि महिला दुहेरीत गुजरातच्या पारुल परमार हे दोघेही त्याच वर्गातील होते. १९ वर्षांची पलक आणि ४८ वर्षांच्या पारुल परमार एकाच बाजूला उभ्या राहिल्या, त्यामागे हे गणित होते.

विजेतेपद आहे, स्पर्धा नाही

वर्गीकरणाची दुसरी बाजू मराठी वाचकांना परिचित असलेल्या एका खेळाडूच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. मुंबईची अभियंता मानसी जोशी हिने २०११ मध्ये रस्ते अपघातात डावा पाय गमावला. कृत्रिम पायावर ती पुन्हा कोर्टवर उतरली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बासेल येथे पारुल परमार यांना नमवून एसएल-३ महिला एकेरीची जागतिक विजेती झाली. परंतु टोकियोच्या कार्यक्रमात एसएल-३ महिला एकेरी हा प्रकारच नव्हता. जगज्जेती असूनही तिला टोकियोत खेळता आले नाही. पारुल परमार यांना एकेरीत आपल्याहून कमी मर्यादा असलेल्या एसएल-४ वर्गातील खेळाडूंशी लढावे लागले.

टोकियोत बॅडमिंटनच्या १४ पदकस्पर्धा होत्या. पॅरिसमध्ये २०२४ साली त्या १६ झाल्या. महिला एकेरीत एसएल-३ आणि एसएच-६ यांचा समावेश झाला, एसएच-६ मिश्र दुहेरी आली. मात्र पलक व पारुल ज्या प्रकारात एकत्र खेळल्या होत्या, तो महिला दुहेरीचा प्रकार वगळण्यात आला. मानसी जोशीला पॅरिसमध्ये एकेरी खेळता आली. पण जागतिक विजेतेपदानंतर पाच वर्षे उलटली होती. ती साखळी फेरीच्या पुढे जाऊ शकली नाही. खेळाडूच्या उमेदीची वर्षे मोजकी असतात आणि स्पर्धेच्या कार्यक्रमपत्रिकेवर त्याचे नियंत्रण नसते. दुर्लक्षित खेळातील खेळाडूचा संघर्ष प्रतिस्पर्ध्याइतकाच या पत्रिकेशीही असतो.

दुसरी परीक्षा

टोकियोनंतर पलकसमोर निराळेच संकट उभे राहिले. २०२२ मध्ये तिच्या पायाच्या हाडात गाठ असल्याचे निदान झाले. उपचार आणि विश्रांती यांत खेळाचा मोठा काळ गेला. हाताच्या दोषामुळे एसयू-५ मध्ये खेळणारी ही खेळाडू पुनरागमनानंतर पायाच्या मर्यादेमुळे एसएल-४ वर्गात आली. नवा वर्ग म्हणजे नवे प्रतिस्पर्धी, नवी क्रमवारी आणि पात्रतेची नव्याने सुरुवात. तरीही तिने पॅरिसची पात्रता मिळविली. तेथे उपान्त्यपूर्व फेरीत इंडोनेशियाच्या खेळाडूकडून तिचा पराभव झाला.

दोन पॅरालिंपिक आणि दोन्ही वेळा पदकाविना परत, असा हा हिशेब आहे. त्याकडे अपयश म्हणून पाहणे सोपे आहे. परंतु ज्या मुलीला २०१६ पूर्वी हा खेळ माहीतही नव्हता, ती दोन निरनिराळ्या वर्गांत जगातील अग्रगण्य खेळाडूंमध्ये गणली गेली, हेही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

कायदा आणि धोरण

दिव्यांगांचा खेळातील सहभाग हा आता हक्काचा विषय आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराला भारताने २००७ मध्ये अनुसमर्थन दिले. त्याच्या अनुच्छेद ३० मध्ये सांस्कृतिक जीवन, मनोरंजन आणि खेळ यांतील सहभागाची तरतूद आहे. करारानुसार संसदेने संमत केलेला 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले असून कलम ३० हे क्रीडाविषयक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात सुमारे २ कोटी ६८ लक्ष दिव्यांग व्यक्ती होत्या. ही संख्या लक्षात घेता प्रश्नाची व्याप्ती कळून येते.

योजनांच्या पातळीवर २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'टार्गेट ऑलिंपिक पोडियम' योजनेचा लाभ पॅराखेळाडूंनाही देण्यात आला. डिसेंबर २०२३ मध्ये दिल्लीत पहिल्या 'खेलो इंडिया पॅरा गेम्स' भरविण्यात आल्या; त्यांत बॅडमिंटनचा समावेश होता. परिणाम आकड्यांत दिसतो. १९६८ पासून २०१६ पर्यंत भारताची पॅरालिंपिक पदके अवघी १२ होती. त्यांतील पहिले सुवर्ण १९७२ मध्ये हायडलबर्ग येथे सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी जलतरणात मिळविले होते. टोकियोत ही संख्या १९ आणि पॅरिसमध्ये २९ झाली. बॅडमिंटनचा वाटा टोकियोत चार व पॅरिसमध्ये पाच पदकांचा होता.

तथापि, पदके ही शिखराची उंची दाखवितात, पायाची रुंदी दाखवीत नाहीत. पलक कोहलीला खेळाची ओळख एका प्रशिक्षकाच्या योगायोगाने पडलेल्या दृष्टीमुळे झाली. ज्या मुलामुलींच्या वाटेवर असा योगायोग आला नाही, त्यांचे काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शाळेच्या पातळीवर शोधावे लागेल. दिव्यांग विद्यार्थ्याला क्रीडातासाला बाजूला न बसविता त्याला अनुरूप खेळाची माहिती देणारा शिक्षक, जिल्हा क्रीडा संकुलात व्हीलचेअर जाऊ शकेल असे कोर्ट आणि वर्गीकरणाची माहिती असलेला प्रशिक्षक या तीन गोष्टी त्यासाठी प्राथमिक आहेत. लखनौने एका व्यक्तीच्या पुढाकारातून काय साधते, ते दाखविले. व्यक्तीचा पुढाकार व्यवस्थेचा नियम होणे, ही त्यापुढील पायरी होय.

अभ्यासासाठी प्रश्न

१. पॅराबॅडमिंटनमधील सहा वर्ग सांगून वर्गीकरणाचा हेतू स्पष्ट करा.
२. पॅरालिंपिकच्या कार्यक्रमातील बदलांचा खेळाडूंच्या कारकीर्दीवर होणारा परिणाम सोदाहरण लिहा.
३. 'दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६' मधील क्रीडाविषयक तरतुदीच्या संदर्भात शालेय स्तरावर कोणते उपाय योजता येतील, याची चर्चा करा.
४. 'पदकसंख्या हे क्रीडाविकासाचे पुरेसे मोजमाप नाही.' या विधानाचे परीक्षण करा.