पेसमेकर आणि करंटचा शेक

अहमदपूरकडील एक आजी नातवासोबत दवाखान्यात आल्या. डावा खांदा धरलेला, वेणी घालता येईना. करंटचा शेक घ्यायचा म्हणत होत्या. त्यांच्या कॉलरच्या हाडाखाली मला उंचवटा दिसला. विचारले तर म्हणाल्या, ''ते हार्टचं मशीन हाय. त्याचा खांद्याशी काय संबंध?''

संबंध आहे. 1958 साली स्टॉकहोमला पहिला पेसमेकर शरीरात बसवला, तेव्हाची यंत्रे ठरल्या वेगाने ठोके देत राहत. आजची यंत्रे हृदयातील काही मिलिव्होल्टचे संकेत सतत 'ऐकतात'. ठोका आला की गप्प, नाही आला तर स्वतः देतात. फसगत इथेच होते. शेकाच्या यंत्राची वीज तारेपर्यंत पोचली, तर पेसमेकरला वाटते हृदय चालू आहे, आणि तो थांबतो. ज्यांचे हृदय सर्वस्वी त्याच्यावर अवलंबून आहे, त्यांना काही सेकंदांत भोवळ येते. आयसीडी यंत्र असेल तर ते विनाकारण झटका देऊ शकते.

नव्या द्विध्रुवी तारांमुळे हा धोका कमी झाला आहे. पायासारख्या दूरच्या भागावर हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीने, देखरेखीखाली काहींना करंट देता येतो. छाती, खांदा, मान, पाठीवर मात्र नको. शॉर्टवेव्ह डायथर्मी तर अंगावर कुठेच नको. तारेचे टोक तापून हृदयाचा स्नायू भाजू शकतो. प्रदर्शनांत तळपायाला मुंग्या आणणारी यंत्रे फुकट वापरून पाहायला देतात. तिथे तुम्हाला कोणी विचारेलच असे नाही, आपणच सांगून बाजूला व्हावे.

आता आजींचा खांदा का धरला? यंत्र बसवल्यावर तार पक्की बसेपर्यंत काही आठवडे हात खांद्यावर उचलू नका, असे सांगतात. आजींनी ते पथ्य वर्षभर पाळले! भीतीपोटी असे करणारे रुग्ण मी बरेच पाहतो. बंदी किती दिवसांची, हे आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. मुदत संपली की हात हळूहळू चालवावा. आजींना मी गरम पाण्याची पिशवी (यंत्राची जागा सोडून) आणि भिंतीवर बोटे चढवत नेण्याचा व्यायाम सांगितला.

पेसमेकरचे कार्ड मागितले, तर ते घरी कपाटात. यंत्र हैदराबादला बसवले होते. कोणत्या जातीचे, ते नातवालाही सांगता येईना. कार्डाची झेरॉक्स पिशवीत नेहमी असू द्यावी.

महिना झाला. आजींचा हात कानापर्यंत पोचतो. वेणीला अजून वेळ आहे.