सर्वांची दुर्बीण

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र आहे ना? बहुतेक शाळांत अशी यंत्रे एक किंवा दोनच असतात. वर्गात मुले मात्र पन्नास-साठ! कांद्याच्या पातळ पापुद्र्यातील पेशी पाहण्यासाठी तुम्ही रांग लावता. एकाचे पाहून झाले, की दुसरा पुढे येतो. एखाद्याने यंत्राचा स्क्रू उगाच फिरवला, तर मागच्याला काहीच दिसत नाही. मग सर पुन्हा सगळे नीट लावून देतात.

यंत्र एक आणि पाहणारे अनेक, हा प्रश्न केवळ शाळेतच पडतो असे नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांपुढेही तो असतो.

समजा, एखाद्या लहान गावातील कॉलेजात भौतिकशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. त्यांना दूरच्या ताऱ्यांचा अभ्यास करावयाचा आहे. मंद तारे पाहण्यासाठी मोठ्या आरशाची दुर्बीण लागते. ती शहराच्या दिव्यांपासून दूर, उंच जागी उभारावी लागते. तिच्यासाठी घुमट, संगणक आणि जाणकार तंत्रज्ञ हवेत. या सर्वांसाठी कोट्यवधी रुपये लागतात. एकट्या कॉलेजला हा खर्च कसा परवडणार? प्राध्यापकांजवळ बुद्धी आहे, मेहनतीची तयारी आहे, मनात चांगला प्रश्नही आहे. नाही ते फक्त यंत्र. केवळ त्यासाठी त्यांनी आपला प्रश्न सोडून द्यावा काय?

यावर आपल्या देशाने एक चांगला उपाय शोधला. प्रत्येक विद्यापीठाला वेगळे यंत्र देता येत नाही. मग सर्व विद्यापीठांसाठी मिळून एक उत्तम केंद्र का काढू नये? विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८४ साली दिल्लीत असे पहिले केंद्र स्थापन केले. तेथे अणूच्या गाभ्याचा अभ्यास करण्यासाठी मोठे यंत्र उभारण्यात आले. त्यानंतर १९८८ साली पुणे विद्यापीठाच्या आवारात आकाशाच्या अभ्यासासाठी दुसरे केंद्र निघाले. त्याचे नाव ‘आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्र’. हे नाव फार लांब आहे, म्हणून सगळे त्याला ‘आयुका’ म्हणतात. प्रसिद्ध शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर हे आयुकाचे पहिले संचालक. मराठीत त्यांनी लिहिलेल्या विज्ञानकथा तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात कदाचित असतील.

‘आंतरविद्यापीठीय’ या शब्दाकडे नीट पाहा. केंद्राची इमारत पुण्यात आहे, पण केंद्र एकट्या पुण्याचे नाही. केरळमधील कॉलेजचा जितका हक्क, तितकाच आसाममधील विद्यापीठाचा. दूरदूरचे प्राध्यापक आणि विद्यार्थी येथे येतात. काही दिवस राहतात, ग्रंथालयात वाचन करतात, संगणकावर काम करतात, इतर शास्त्रज्ञांशी चर्चा करतात. मग आपल्या गावी परत जाऊन ते आपल्या विद्यार्थ्यांना नवे ज्ञान देतात.

आयुकाच्या अंगणात चार पुतळे आहेत: आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन. त्यांचे देश वेगळे, भाषा वेगळ्या आणि काळही वेगळे. तरीही ते एकाच अंगणात आहेत. कारण ज्ञान कोणा एका देशाचे किंवा एका माणसाचे नसते.

पुण्याच्या उत्तरेला गिरवली नावाचे गाव आहे. तेथील डोंगरावर आयुकाने एक दुर्बीण उभारली. २००६ साली तिचे उद्घाटन झाले. तिच्या आरशाचा व्यास दोन मीटर आहे. अशा दुर्बिणीवर काम करण्यासाठी मोजक्याच रात्री मिळतात. पावसाळ्यात तर आकाश ढगांनी झाकलेले असते. म्हणून प्रत्येक स्वच्छ रात्र मौल्यवान असते.

आयुकाच्या शेजारीच, विद्यापीठाच्या आवारात, रेडिओ खगोलशास्त्राचे राष्ट्रीय केंद्र आहे. ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे आहे. या केंद्राने जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद येथे एक प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारली. प्रा. गोविंद स्वरूप यांनी या कामाचे नेतृत्व केले. या दुर्बिणीत एकूण ३० अँटेना आहेत. प्रत्येक अँटेना एखाद्या मोठ्या वाडग्यासारखी दिसते. तिचा व्यास ४५ मीटर आहे. हे वाडगे पत्र्याचे नाहीत, तर बारीक तारांच्या जाळीचे आहेत. त्यामुळे वारा जाळीतून निघून जातो, वजन कमी होते आणि खर्चही वाचतो. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी त्या टिपतात. जगातील अनेक देशांचे शास्त्रज्ञ या दुर्बिणीचा उपयोग करतात.

आता तुम्ही विचाराल, इतक्या लोकांत पाळी कोणाची, हे कसे ठरते? जो श्रीमंत त्याला आधी? की जो वयाने मोठा त्याला? नाही. ज्याला दुर्बीण हवी, त्याने अर्ज करावयाचा असतो. मला काय शोधायचे आहे, त्यासाठी हीच दुर्बीण का हवी आणि किती तास हवेत, हे त्यात लिहावे लागते. जाणकार लोक सर्व अर्ज वाचतात. ज्याचा प्रश्न चांगला, त्याला वेळ मिळतो. येथे माणसाचा हुद्दा नव्हे, तर त्याचा प्रश्न मोठा मानला जातो. म्हणूनच लहान गावातील हुशार विद्यार्थ्यालाही मोठ्या दुर्बिणीपर्यंत पोहोचता येते.

मात्र पाळी मिळाली, की जबाबदारीही येते. आपली वेळ संपली, की यंत्र दुसऱ्याच्या हाती द्यावे लागते. काही बिघाड झाला, तर तो न लपवता लगेच सांगावा लागतो. आपण लपवलेल्या चुकीने दुसऱ्याचे काम वाया जाते. सर्वांची वस्तू म्हणजे कोणाचीच नसलेली वस्तू नव्हे. ती आपल्याकडे ठेवलेली अमानत असते.

मित्रांनो, पुढच्या वेळी तुम्ही सूक्ष्मदर्शकासमोर उभे राहाल, तेव्हा एक गोष्ट करा. मनात एक चांगला प्रश्न घेऊन पाहा. पाहून झाल्यावर भिंग पुसा आणि यंत्र नीट लावून मागच्या मित्राला द्या. उद्या खोडदच्या दुर्बिणीवर काम करावयाचे असेल, तर त्याची तयारी याच रांगेत होते.

शब्दार्थ
आवार – इमारतीभोवतीची मोकळी जागा
व्यास – वर्तुळाच्या मध्यातून जाणारी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंतची रेषा
मौल्यवान – फार किमतीचे
हुद्दा – अधिकाराची जागा
पाळी – क्रमाने येणारी वेळ

स्वाध्याय
१. एकट्या कॉलेजला मोठी दुर्बीण का परवडत नाही?
२. ‘आंतरविद्यापीठीय’ या शब्दाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.
३. खोडदच्या अँटेना जाळीच्या का केल्या आहेत?
४. दुर्बीण वापरण्याची पाळी कशी ठरते?
५. तुमच्या शाळेतील सर्वांच्या मालकीच्या तीन वस्तूंची नावे लिहा. त्या जपण्यासाठी तुम्ही काय कराल?