उद्योगसंस्थेचे दफ्तर आणि वाङ्मयाचा अभ्यास : 'किर्लोस्कर'च्या अनुषंगाने

मराठी वाङ्मयेतिहासाच्या साधनांचा विचार बहुधा ग्रंथ, नियतकालिके आणि लेखकांचा खाजगी पत्रव्यवहार यांच्यापाशी येऊन थांबतो. कारखान्याच्या दफ्तराकडे वाङ्मयाचा अभ्यासक सहसा वळत नाही. ताळेबंद, यंत्रांचे आराखडे, मागणीपत्रके हा उद्योगेतिहासकाराचा प्रांत, अशी एक अव्यक्त वाटणी रूढ झाली आहे. ही वाटणी निदान एका नियतकालिकाच्या बाबतीत टिकत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात कारखाना वसविला, आणि १९२० साली त्याच किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. लोखंडी नांगर बनविणाऱ्या कारखान्याचे हे पत्र. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' झाले, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे त्याला लाभली, आणि दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या मराठी मध्यमवर्गाची अभिरुची घडविण्यात या तिन्हींचा वाटा मोठा ठरला. तेव्हा या मासिकांचा अभ्यास आणि एका उद्योगसंस्थेच्या दफ्तराचे जतन हे प्रश्न मुळातच एकमेकांत गुंतलेले आहेत.

कायद्याची भूमिका येथे फारशी उपयोगी नाही. १९९३ चा सार्वजनिक अभिलेखविषयक कायदा शासकीय कार्यालये व केंद्राच्या अखत्यारीतील संस्थांपुरता आहे. खाजगी कंपनीवर २०१३ च्या कंपनी कायद्याने हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे राखण्याचे बंधन घातले आहे. त्यानंतर त्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न बहुतांशी मालकाच्या इच्छेचा आणि कोठाराच्या जागेचा. पुण्यातील टाटा सेंट्रल अर्काइव्हज (१९९१) किंवा मुंबईतील गोदरेज अर्काइव्हज (२००६) यांसारखी दालने उभी राहिली, ती संस्थाचालकांच्या इच्छेने. कायद्याच्या सक्तीने नव्हे. ज्या संस्थेत अशी इच्छा नसेल तेथील लेखकांच्या मानधनाची वही आणि भंगारातला नांगराचा फाळ यांचे मोल सारखेच ठरते.

आता कोणी विचारील की, मासिकाचे अंक तर ग्रंथालयांत बांधून ठेवलेले आहेतच. मग कंपनीच्या दफ्तराची एवढी मातब्बरी कशासाठी? याचे उत्तर बांधणीतच आहे. वार्षिक खंड बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकावयाची, ही ग्रंथालयांतील जुनी रीत. जागा वाचते, खंड आटोपशीर होतो. परंतु ज्या पत्राचा जन्मच कारखान्याच्या पोटी झाला, त्यात जाहिरात हा परिशिष्टाचा भाग नव्हे. नांगर, पंप, चरक यांच्या जाहिरातींची भाषा आणि आतील उद्योजकतेवरील लेखांची भाषा परस्परांना कोठे स्पर्श करतात, हे पाहिल्यावाचून या मासिकाच्या गद्यशैलीचे मूळ हाती लागणार नाही. स्वावलंबन, यंत्र, प्रगती या शब्दांना मराठीत जो एक विशिष्ट भार आला, तो निबंधांइतकाच या पानांतून आला असणे संभवते. शंकरराव स्वतः चित्रकार होते. मुखपृष्ठाकडे कागदाचे वेष्टन म्हणून पाहणारे ते संपादक नव्हते. मुखपृष्ठ काढलेला खंड म्हणजे चेहरा झाकलेला माणूस. म्हणून प्रकाशनसंस्थेच्या घरची, न बांधलेली प्रत ही अभ्यासकाच्या दृष्टीने प्रमाणप्रत होय, आणि डिजिटलीकरण करावयाचे ते तिचे; मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, जाहिरातीचे पान कितीही क्षुल्लक वाटले तरी.

अंकाच्या मागे उभे असणारे कागद याहून दुर्मीळ. वर्गणीदारांची यादी, लेखकांशी झालेला पत्रव्यवहार, संपादकाच्या हातच्या दुरुस्त्या असलेली हस्तलिखिते, मानधनाच्या नोंदी हे सर्व कोणत्याही मासिकाच्या कचेरीत निर्माण होते आणि इतरत्र कोठेही मिळत नाही. वाचकवर्गाविषयी आपल्या समीक्षेत जी विधाने केली जातात, त्यांपैकी बहुतेक अनुमानाची आहेत. गावोगावच्या वर्गणीदारांची एक वही त्यांतील कितीतरी अनुमाने खरी किंवा खोटी ठरवू शकते. अशा वह्यांच्या बाबतीत मूळ क्रम मोडावयाचा नसतो, हे अभिलेखशास्त्राचे पहिले सूत्र. वाङ्मयाच्या अभ्यासकाने 'महत्त्वाच्या' लेखकांची पत्रे वेचून वेगळी काढली, की उरलेल्या गठ्ठ्याचा अर्थ नाहीसा होतो.

कागदाविषयी थोडक्यात सांगता येईल. लाकडाच्या लगद्यापासून बनविलेला स्वस्त कागद स्वतःतील आम्लामुळेच पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. उष्णता व दमटपणा ही क्रिया वाढवितात. स्कॅन केल्याने ती थांबत नाही. ती केवळ वाचकाचा हात मूळ कागदापासून दूर ठेवते. योग्य वातावरणात ठेवलेली मायक्रोफिल्म शतकांच्या हिशेबाने टिकते व भिंगाखाली वाचता येते. संगणकीय प्रत मात्र दर काही वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवून घ्यावी लागते. प्रत झाली म्हणून मूळ रद्दीत घालणे हा जतनाच्या नावाखाली केलेला नाशच होय.

खरी अडचण, आणि मराठीच्या अभ्यासकाने जिच्यात लक्ष घालावयास हवे अशी, प्रतिमेपासून मजकुराकडे जाताना उद्भवते. पानाचे छायाचित्र मिळाले तरी शोध घेता येत नाही. शोधासाठी यंत्राने अक्षरे ओळखावी लागतात, आणि येथे १९६२ पूर्वीचे लेखन आडवे येते. 'कांहीं', 'नाहीं', 'तें' यांवरील अनुच्चारित अनुस्वार साहित्य महामंडळाच्या त्या वर्षीच्या नियमांनी गेले. जुन्या मजकुरात 'घरांत' हे रूप एका घरासाठीही येते. आजच्या नियमाने ते अनेकवचनी होय. 'मी' आणि 'मीं' यांत प्रथमा व तृतीया यांचा भेद होता. ओळखणाऱ्या यंत्राने अनुस्वार धुळीचा ठिपका समजून गाळला किंवा सद्हेतूने लेखन 'शुद्ध' करून घेतले, तर व्याकरणाचा पुरावाच पुसला जातो. त्यातच सावरकरांच्या लिपिशुद्धीतील 'अ'ची बाराखडी त्या काळच्या छपाईत आढळते. 'अितिहास' असे छापलेल्या पानापर्यंत 'इतिहास' टंकणारा संशोधक पोहोचत नाही. शिवाय अनेक टंक 'अ'ला वेलांटी जोडण्यास नकार देऊन मध्ये ठिपक्यांचे वर्तुळ उमटवितात. यावर उपाय एकच दिसतो. साठविलेला मजकूर छापल्याबरहुकूम असावा, आणि सैलपणा शोधाच्या यंत्रणेत असावा. म्हणजे 'नाही' शोधणाऱ्यास 'नाहीं'ही मिळावे, पण पानावर 'नाहीं'च राहावे. ही रूपांची कोष्टके तंत्रज्ञ करू शकणार नाही. ती मराठी विभागांनीच करून द्यावयास हवीत, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी याहून चांगला प्रकल्प सुचणे कठीण.

असा पाठ हाती आल्यावर काय साधेल, याचे एक उदाहरण पुरे. सावरकरांचे विज्ञाननिष्ठेवरील अनेक निबंध प्रथम 'किर्लोस्कर'मध्ये प्रसिद्ध झाले. वाचकाला मात्र ते आज पुस्तकातूनच माहीत असतात. मासिकातील पाठ, त्याच्या शेजारचे लेख, पुढील अंकांतील वाचकांचे प्रतिसाद आणि पुस्तकातील पाठ असे समोरासमोर मांडले, की निबंध हा वादाचा एक डाव म्हणून दिसू लागतो.

सूचीकाराने एक गोष्ट सांभाळावी. 'किर्लोस्कर खबर' आणि 'किर्लोस्कर' ही एकाच पत्राची दोन नावे असल्याने त्यांच्या नोंदी परस्परांस जोडलेल्या असाव्यात. अन्यथा विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाचे अंक वेगळ्याच मासिकाचे म्हणून बाजूस पडतात. शं. ग. दाते प्रभृतींनी १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची जी सूची सिद्ध केली, तिच्या आधाराने हे काम सुरू करता येईल.

राहिला स्वामित्वहक्काचा प्रश्न. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हा हक्क राहतो व मुदत वर्षअखेरीस संपते. त्या हिशेबाने सावरकरांचे (मृत्यू १९६६) लेखन २०२६ अखेरपर्यंत, खांडेकरांचे (१९७६) २०३६ पर्यंत आणि फडक्यांचे (१९७८) २०३८ पर्यंत संरक्षित ठरते. टोपणनावाने लिहिलेल्या मजकुराची मुदत, लेखक उघड झाला नसल्यास, प्रकाशनापासून मोजली जाते. एकाच अंकातील दहा लेखांना अशा दहा वेगवेगळ्या तारखा असू शकतात. अंक संपूर्ण स्कॅन करून ठेवावा, आणि खुला करताना मात्र लेखवार नोंद पाहून करावा. त्यासाठी प्रत्येक नोंदीत लेखकाचे मृत्युवर्ष हा रकाना पहिल्या दिवसापासून असावा. मागाहून तो भरावयास बसणे म्हणजे सर्व अंक पुन्हा एकदा उघडणे.