बॅटरी बदलण्यापूर्वी तीन मापे



आदिलाबादची थंडी आपल्याला नवी नाही. डिसेंबर-जानेवारीत पारा कित्येकदा दहा अंशांखाली उतरतो. अशाच एका पहाटे मुलांना परीक्षेला नेण्यासाठी आम्ही जीप काढली. किल्ली फिरवली, तर नुसता ‘कट कट’ आवाज! मावल्याहून मुलांना ऑटोने पाठवावे लागले. ती जेमतेम घंटेला पोहोचली. ‘बॅटरी गेली’ असे सर्वांचेच मत पडले. आम्हीही काही न तपासता नवी बॅटरी घेतली. आठवड्याने पुन्हा तोच आवाज. खरा दोष अर्थिंगच्या तारेत होता. इंजिनाकडचे तिचे टोक गंजले होते. ‘आधी मोजा, मग अनुमान काढा’ असे वर्गात शिकवणारे आम्हीच चुकलो. म्हणून हा धडा.

बॅटरीचे काम काय?

शिसे व आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या गास्ताँ प्लांते यांनी 1859 मध्ये तयार केली. गाडीच्या बॅटरीत असे सहा घट एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येकाचे सुमारे 2.1 व्होल्ट, म्हणून एकूण 12.6. बॅटरी सेल्फला वीज देते आणि इंजिन सुरू होते. पुढे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा अल्टरनेटर (आपले मिस्त्री त्याला डायनामोच म्हणतात) वीज निर्माण करून बॅटरी पुन्हा भरतो. तेव्हा प्रश्न तीनच: बॅटरीत वीज आहे का? ती बाहेर पडते का? परत भरली जाते का?

माप पहिले: गाडी बंद असताना

रात्रभर उभ्या गाडीचे माप सकाळी सेल्फ मारण्यापूर्वी घ्यावे. मल्टिमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवून लाल तार धन टोकाला, काळी ऋण टोकाला लावावी. 12.6 म्हणजे पूर्ण भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे निम्मी. 12 च्या खाली आकडा असेल तर बॅटरी उतरली आहे. पण उतरलेली बॅटरी खराबच असते असे नाही. रात्री दिवा चालू राहिला असेल. आधी चार्ज करून पाहावी.

माप दुसरे: सेल्फ मारताना

गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. एकाने किल्ली फिरवावी, दुसऱ्याने मीटर पाहावा. भरलेली बॅटरी 9.6 व्होल्टच्या खाली गेली तर ती बहुधा थकली आहे. उलट आकडा 12 च्या आसपासच राहिला आणि नुसती कट कट झाली, तर वीज बाहेर पडतच नाही. मग टर्मिनल, तारा आणि सेल्फ तपासावा. मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला तर अर्थिंग खराब. आमचा दोष याच मापाने सापडला असता!

माप तिसरे: इंजिन चालू असताना

बॅटरीवर साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट हवेत. 12.5 दिसून आकडा उतरतच गेला, तर पट्टा सैल आहे, तार तुटली आहे किंवा अल्टरनेटर नादुरुस्त आहे. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर पाहावा. काही नव्या गाड्यांत संगणक हा आकडा कमी-जास्त करतो; तेथे गाडीची पुस्तिका पाहावी.

थंडीतच का?

आपल्याकडच्या 44 अंशांच्या उन्हाळ्यात बॅटरीतील पाणी उडते, आतल्या पट्ट्या झिजतात. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, ऑइलही घट्ट होते. म्हणजे दुखणे उन्हाळ्यातले, पण ते उघडे पडते हिवाळ्यात.

सावधान!

बॅटरीत आम्ल असते आणि चार्ज होताना हायड्रोजन वायू सुटतो. जवळ काडी पेटवू नये. फिरत्या पट्ट्यापासून हात व कपडे दूर ठेवावेत. तारा काढताना ऋण तार आधी, जोडताना ती शेवटी. मुलांनी मोठ्यांशिवाय हा प्रयोग करू नये. जुन्या बॅटरीतील शिसे विषारी असते. ती उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याला परत द्यावी.

करून पाहा

बॅटरी 45 अँपिअर-तासांची आहे. 55 वॉटचे दोन हेडलाइट चालू राहिले, तर ती किती वेळ पुरेल? (110 भागिले 12 म्हणजे सुमारे 9 अँपिअर, 45 भागिले 9 म्हणजे 5 तास. प्रत्यक्षात त्याहून कमीच.)

पालकांना व विश्वस्तांना विनंती: मुलांची ने-आण करणाऱ्या प्रत्येक वाहनाची ही तीन मापे दिवाळीपूर्वी आणि उन्हाळा संपताच वहीत नोंदवावीत. दहा मिनिटांचे हे काम आहे. त्याने एक परीक्षा चुकायची वाचली, तरी ते सार्थकी लागेल.