दर्यावर्दी श्रमगीते आणि त्यांच्या गायनबैठकींचा शोध

(वरिष्ठ प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी अभ्यासलेख व पाठाचे टाचण)

प्रास्ताविक

श्रम आणि गीत यांचे नाते फार जुने आहे. जात्यावर बसलेली स्त्री ओवी गाते, कापणीच्या वेळी शेतकरी भलरी म्हणतात, जड ओंडका हलविताना दहा माणसे एका हाकेसरशी खांदा लावतात. यांपैकी कोणतेही गाणे श्रोत्यांच्या रंजनासाठी जन्मास आलेले नाही. काम हलके व्हावे आणि अनेकांचे बळ एकाच क्षणी एकवटावे, एवढ्यासाठीच ते निर्माण झाले. मात्र काम थांबले की गाण्याचे पुढे काय होते, हा प्रश्न आज प्रत्येक खेड्यात उभा आहे. पिठाची गिरणी आली, जाते कोपऱ्यात गेले आणि ओवी मुकी होऊ लागली.

हाच प्रश्न शिडाच्या जहाजांवरील गीतांपुढे शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला होता. ज्या जहाजांवर ती गीते म्हटली जात ती जहाजे व्यापारातून नाहीशी झाली. तरीही ती गीते आज इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स आणि पोलंड या देशांत सामुदायिकपणे गाइली जातात. हे कसे घडले आणि अशा बैठकी शोधणारा मनुष्य त्या कशा शोधतो, याचा विचार शिक्षकांस उद्बोधक ठरेल.

शँटी म्हणजे काय

इंग्रजी भाषेत या दर्यावर्दी श्रमगीतास 'शँटी' म्हणतात. या शब्दाचा उगम गाणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दात असावा असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे. परंतु त्याविषयी एकमत नाही. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः त्याच्या मध्यास, व्यापारी जहाजांवर या गीतांचा मोठा प्रसार झाला. इ. स. १८१८ मध्ये न्यूयॉर्क व लिव्हरपूल या बंदरांदरम्यान ठरलेल्या तारखांस सुटणारी जहाजे सुरू झाली. वेळेचे महत्त्व वाढले, खलाशांची संख्या मात्र शक्य तितकी कमी ठेवण्यात येई. थोड्या माणसांकडून मोठे काम करवून घ्यावयाचे तर ताल हवाच. ब्रिटिश युद्धनौकांवर माणसे भरपूर आणि शिस्त कडक असल्यामुळे कामाच्या वेळी गाण्यास मुभा नसे. म्हणूनच शँटी ही व्यापारी जहाजाची संपत्ती होय.

गीताची रचना साधी असते. एकजण पुढाकार घेऊन ओळ म्हणतो. त्यास 'शँटीमन' म्हणतात. बाकीचे सर्वजण ध्रुवपद उचलतात. आपल्याकडे भजनात बुवा चरण म्हणतात आणि टाळकरी ध्रुवपद धरतात, तसाच हा प्रकार समजावा. फरक इतकाच की, टाळाच्या जागी येथे दोर असतो.

कामाप्रमाणे गीताचा घाट बदले. शिडाची आडवी काठी वर चढविताना दोर हिसक्याहिसक्याने ओढावा लागे; त्या गीतात ध्रुवपद आखूड असे आणि त्यातील ठराविक शब्दांवर बहुधा दोन हिसके दिले जात. हिसक्यांच्या मधल्या वेळात शँटीमन आपली ओळ म्हणे आणि माणसे दम घेत. नांगर उचलण्यासाठी जहाजावर एक उभा रहाट असे. त्याच्या दांड्यांना छाती लावून खलाशी गोल फिरत. हे काम संथ, अखंड आणि लांबणारे. म्हणून त्याचे ध्रुवपदही लांब आणि चालीस पावलांचा ठेका. जहाजात शिरलेले पाणी उपसण्याच्या पंपावरील गीते आणखी वेगळी. काम लांबले तर शँटीमन जागच्या जागी नव्या ओळी रची. काम संपताच अर्ध्यावर गाणे थांबे. गीत पूर्ण करणे हा तेथे हेतूच नव्हता.

या गीतांचे मूळ एकाच समाजात नाही, हे शिक्षकांनी आवर्जून ध्यानात ठेवावे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील मोबील, न्यू ऑर्लिन्स इत्यादी बंदरांत जहाजाच्या पोटात कापसाच्या गासड्या दाबून भरणाऱ्या मजुरांची गीते, त्यांत विशेषेकरून कृष्णवर्णीय मजुरांची गीते, तसेच वेस्ट इंडीज बेटांतील श्रमगीते खलाशांनी उचलली. आयरिश व इंग्रजी लोकगीतांच्या चालीही त्यांत मिसळल्या. ज्यांपैकी पुष्कळांस त्या काळी माणूस म्हणून मान मिळत नव्हता, त्यांच्या कंठातील ठेवा अवघ्या जगाने घेतला, ही गोष्ट या इतिहासात आहे.

गीते कशी वाचली

१८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि आगबोटींचे वर्चस्व वाढत गेले. वाफेचे यंत्र दोर ओढू लागल्यावर शँटीमनची गरज उरली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ही गीते केवळ वृद्ध खलाशांच्या स्मरणात होती. तेव्हा काही माणसे वही घेऊन त्यांच्या दारी गेली.

इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात वॉचेट नावाचे लहान बंदर आहे. तेथील जॉन शॉर्ट या वृद्ध खलाशाकडून सेसिल शार्प या संग्राहकाने १९१४ मध्ये पन्नासांहून अधिक गीते उतरवून घेतली. शॉर्टचा जन्म १८३९ चा. म्हणजे त्या वेळी तो पंचाहत्तरीस पोहोचला होता. शार्पचा दर्यावर्दी गीतांचा संग्रह त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. रिचर्ड टेरी याने १९२१ व १९२६ मध्ये दोन भाग छापले. जोआना कॉलकॉर्ड या जहाजाच्या कप्तानाच्या मुलीने १९२४ मध्ये अमेरिकेत आपला संग्रह प्रसिद्ध केला; तिचा जन्मच समुद्रावर झाला होता. अमेरिकन संशोधक जेम्स कार्पेंटर याने १९२८ नंतर ब्रिटनमधील बंदरे हिंडून म्हाताऱ्या खलाशांचे आवाज मेणाच्या नळकांड्यांवर टिपले.

यानंतरचे महत्त्वाचे नाव स्टॅन ह्यूगिल (१९०६-१९९२) यांचे होय. 'गार्थपूल' या ब्रिटिश शिडाच्या जहाजावर ते शँटीमन होते. ते जहाज १९२९ मध्ये केप व्हर्द बेटांजवळ फुटले. पुढे वेल्समधील अ‍ॅबरडोव्ही येथे तरुणांना नौकानयन शिकविणाऱ्या संस्थेत त्यांनी अनेक वर्षे शिक्षकाचे काम केले आणि १९६१ मध्ये या गीतांचा बृहद्‌ग्रंथ सिद्ध केला. प्रत्यक्ष काम, शिकविणे आणि लेखन ही तिन्ही एकाच माणसाच्या ठायी एकत्र आल्यामुळे पुढील पिढीस केवळ कागदावरील स्वर मिळाले नाहीत, तर म्हणण्याची रीतही मिळाली.

आजच्या बैठकी आणि त्यांचा शोध

छापील संग्रह कपाटात राहतो. गीत जिवंत राहण्यास माणसे जमावी लागतात. आज अशी माणसे कोठे जमतात हे शोधण्याचे चार मार्ग दिसतात.

पहिला मार्ग जुनी जहाजे व सागरी संग्रहालये यांचा. अमेरिकेत कनेटिकट राज्यातील मिस्टिक सीपोर्ट या संग्रहालयात १८४१ साली बांधलेले देवमाशांच्या शिकारीचे जहाज जतन केलेले आहे. या संग्रहालयाने दर्यावर्दी गीतांच्या गायनास अनेक दशके आश्रय दिला. सॅन फ्रान्सिस्को येथील सागरी उद्यानाने १९८१ मध्ये मासिक गायनबैठक सुरू केली. १८८६ साली बांधलेल्या 'बालक्लुथा' या शिडाच्या जहाजावर ती वर्षानुवर्षे भरत आली. तेथे प्रेक्षक व गायक असा भेद नसतो. जो येईल त्याने ध्रुवपदात सूर मिसळावा, इतकीच अपेक्षा असते.

दुसरा मार्ग लोकगीत मंडळांचा. इंग्लंडमध्ये अशी मंडळे बहुधा गावातील मद्यगृहाच्या माडीवर किंवा मागील दालनात ठराविक वारी जमतात. गोल बसावे, आळीपाळीने एकेकाने गीत सुरू करावे आणि इतरांनी उचलावे, अशी पद्धत असते. लंडनमध्ये १९३० साली उघडलेल्या सेसिल शार्प भवनात लोकगीतांचे मोठे ग्रंथालय आहे. राऊड नावाच्या ग्रंथपालाने लोकगीतांची एक प्रचंड सूची केली असून तीत एका गीताच्या सर्व पाठभेदांस एकच क्रमांक दिला आहे. बैठकीत ऐकलेले गीत मूळचे कोणते, हे त्या सूचीवरून ताडून पाहता येते.

तिसरा मार्ग महोत्सवांचा. इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात फॅल्मथ येथे आणि फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात पँपोल येथे असे महोत्सव भरतात. पँपोलचा उत्सव १९८९ पासूनचा आहे. पोलंडमधील क्राकुव्ह हे शहर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर. तरी तेथे १९८१ पासून दर्यावर्दी गीतांचा महोत्सव चालत आला आहे. समुद्र जवळ नसला तरी चालतो, आवड जवळ असावी लागते, हे यावरून दिसते. महोत्सवास जाणारा जाणता मनुष्य केवळ ऐकून परतत नाही. आपल्या गावाजवळ दर आठवड्यास वा महिन्यास कोण जमते, याची तो तेथील गायकांकडे चौकशी करतो.

चौथा मार्ग बंदरातील गावकऱ्यांचा. कॉर्नवॉलमधील पोर्ट आयझॅक या कोळ्यांच्या गावात काही मित्र धक्क्यावर उभे राहून गात असत. २०१० मध्ये त्यांची ध्वनिमुद्रिका निघाली आणि २०१९ मध्ये त्यांच्यावर चित्रपटही आला. आरंभी मात्र ते केवळ आपल्या गावापुरते गात होते.

जानेवारी २०२१ मध्ये, महामारीमुळे लोक घरात अडकले असता, नेथन इव्हान्स या स्कॉटिश टपालवाहकाने गाइलेले 'वेलरमन' हे गीत इंटरनेटवरून जगभर पसरले आणि अनेकांनी आपापल्या घरून त्यात सूर मिळविला. हे न्यूझीलंडमधील गीत काटेकोरपणे शँटी नव्हे. ते देवमाशांच्या शिकाऱ्यांचे कथागीत असून १९७३ मध्ये प्रथम छापले गेले. परंतु एकत्र गाण्याची भूक किती खोल आहे, हे त्या प्रसंगाने दाखविले.

बैठकीचे शिष्टाचार

नवागताने प्रथम ऐकावे आणि ध्रुवपदात भाग घ्यावा. गीत ज्याने सुरू केले त्याची चाल व गती मानावी. मध्येच आपला पाठभेद लादू नये. कागदात डोळे घालून गाण्यापेक्षा चार ओळी पाठ असणे बरे. आवाज गोड नसला तरी संकोच नको, कारण हे गीत गवयांसाठी नाही. जुन्या गीतांत काही ओळी असभ्य किंवा एखाद्या वंशास हिणविणाऱ्या आढळतात. अशा ओळी जाणती मंडळी गाळतात वा बदलतात. वर्गात तर तसे करणे अवश्यच आहे. मात्र त्या कधी नव्हत्याच, असे भासवू नये.

आपल्याकडील संबंध

हा विषय कोकणास परका नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील असंख्य खलाशांनी ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर नोकरी केली. 'सारंग' व 'तांडेल' हे आपल्या खलाशांचे हुद्दे इंग्रजी जहाजांच्या भाषेतही रुजले. किनाऱ्यावर रापण ओढताना आजही अनेक हातांस एकच ताल लागतो. देशावर मोटेची गाणी मोटेबरोबर गेली. भलरी काही ठिकाणी अजून ऐकू येते. ओव्यांच्या बाबतीत साने गुरुजींनी 'स्त्री जीवन' हा संग्रह केला. पुढे हेमा राईरकर व गी प्वातवँ यांनी खेडोपाडीच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. तरीही प्रत्येक गावाची स्वतःची चाल, स्वतःचे शब्द आणि स्वतःची म्हणणारी माणसे असतात. ती माहीत असणे बाहेरच्या संशोधकापेक्षा गावच्या शिक्षकास सोपे आहे. वॉचेटच्या वृद्ध खलाशाकडे पंचाहत्तराव्या वर्षी कोणी गेले, म्हणून ती गीते उरली. आपल्या गावातील पंचाहत्तरीची आजी वाट पाहत बसणार नाही.

पाठाचे टाचण

इयत्ता : पाचवी ते सातवी. तासिका : दोन.

हेतू : श्रम, ताल व गीत यांचा संबंध अनुभवाने समजणे, गावातील सामुदायिक गायनाची माहिती मुलांनी स्वतः मिळविणे.

साहित्य : जाड सुती दोर, वर्गातील जड बाक, जगाचा नकाशा, वही.

पूर्वज्ञान : भजन, आरती, ओवी यांत एकामागून अनेकांनी म्हणण्याची रीत मुलांस ठाऊक असते. त्यावर प्रश्न विचारावेत.

विषयविवेचन : दोर बाकास बांधून आठ मुलांस ओढावयास सांगावे. पहिल्या वेळी कोणतीही हाक देऊ नये; जोर वेगवेगळ्या क्षणी लागल्याचे मुलांच्या ध्यानी येईल. दुसऱ्या वेळी एका मुलाने हाक द्यावी आणि ठराविक शब्दावर सर्वांनी ओढावे. दोर हातास गुंडाळू देऊ नये व बाकापुढे कोणी उभे राहू नये. दोन्ही वेळचा फरक मुलांकडूनच वदवून घ्यावा. नंतर शँटीची माहिती सांगून लिव्हरपूल, न्यूयॉर्क, सुएझ व रत्नागिरी ही ठिकाणे नकाशावर दाखवावीत.

उपयोजन : मुलांनी दोघादोघांच्या जोडीने घरी व शेजारी पुढील प्रश्न विचारून उत्तरे लिहून आणावीत.

१. आपल्या गावात एकत्र गाणे कोठे व कोणत्या दिवशी होते?
२. पुढाकार कोण घेते? ते कोणाकडून शिकले?
३. पूर्वी कोणत्या कामाबरोबर गाणी म्हणत? ते काम आज चालते काय?
४. नव्या माणसास त्या बैठकीत बसता येते काय?
५. जुने गाणे पाठ असलेली सर्वांत वृद्ध व्यक्ती कोण?

पाचव्या प्रश्नाच्या उत्तरात जी नावे येतील, त्यांपैकी एका व्यक्तीस तिच्या सोयीने शाळेत बोलवावे. येणे शक्य नसल्यास मुलांस घेऊन शिक्षकांनी तिच्या घरी जावे. तिची अनुमती घेऊन गीत जसेच्या तसे, तिच्याच उच्चाराप्रमाणे लिहून घ्यावे. शब्द 'शुद्ध' करू नयेत. भ्रमणध्वनी उपलब्ध असल्यास आवाजही टिपावा. गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि ते गीत कोणत्या कामाचे, हे वहीच्या त्याच पानावर नोंदवावे. ही वही शाळेच्या दप्तरी जपून ठेवावी आणि वर्षातून एकदा तरी त्यातील गीत शाळेत सर्वांनी मिळून म्हणावे.