दगडफूल सांगते हवेची गोष्ट

गोडा मसाल्यातले दगडफूल मुलांच्या ओळखीचे असते. पण ते फूल नाही, बुरशी आणि शैवाल यांचे एकत्र नांदणारे घर आहे, असे सांगितले की वर्ग चकित होतो. यालाच शैवाक म्हणतात. ते दगडावर, झाडाच्या सालीवर वाढते.

शैवाकाला मुळे नसतात. पाणी नि क्षार ते हवा-पावसातूनच शोषते. सोबत कोळशाच्या, वाहनांच्या धुरातले घातक वायूही आत जातात आणि नाजूक जाती मरतात. म्हणूनच १८६६ मध्ये नायलँडर या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या बागेतील शैवाकांवरून हवेची शुद्धता ओळखता येईल असे सुचवले. अशा सजीवांना जैवनिर्देशक म्हणतात.

उपक्रम: आंब्याची झाडे निवडा, काही शाळेतली, काही हमरस्त्यालगतची. सारख्या उंचीवर दोऱ्याची चौकट धरून मुलांनी खोडावरचे राखाडी-हिरवट चट्टे मोजावेत. खरवडू नयेत, ते फार हळू वाढतात. सावली, ओलावा यांनीही फरक पडतो, त्यामुळे एकाच झाडावरून निष्कर्ष नको.

आमच्याकडे रस्त्याकडची खोडं जवळजवळ कोरी निघाली. एक मुलगी म्हणाली, "बाई, आम्ही तर रोज तिथंच गाडीची वाट बघतो!" मला पटकन उत्तर सुचले नाही. पुढच्या पालकसभेत हाच प्रश्न मांडणार आहे.